पाणथळ परिषदेत विषयसत्र कसं मांडायचं: पहिल्यांदाच प्रस्ताव देणाऱ्यांसाठी

पाणथळ जागांवर काम करणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी परिषदेला जातात ती पंधरा मिनिटांचं निवेदन करायला, नाहीतर भित्तिपत्रक लावायला. सत्रं आधीच कुणीतरी ठरवलेली असतात आणि आपलं काम त्यातल्या कुठल्यातरी खणात बसवलं जातं. ठाणे खाडीतले रोहित पक्षी 'शहरी जैवविविधते'त जातात, नांदूर मध्यमेश्वरचा गाळ 'जलाशय व्यवस्थापना'त जातो आणि गोव्याच्या खाजणांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनींना, तर धड खणच सापडत नाही. एखादा प्रश्न कोणत्या बाजूने पाहायचा, त्यावर बोलायला कुणाला बोलवायचं आणि चर्चेला किती वेळ द्यायचा, हे सत्राचा संयोजक ठरवतो. म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्या किनाऱ्यावर, तळ्यांवर, खाड्यांवर राबणाऱ्या तरुण अभ्यासकांनी सत्र मांडायला शिकलं पाहिजे. त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही. पीएचडी करणारी मुलं, संस्थांमधले कार्यकर्ते, वर्षानुवर्षं जानेवारीतली पाणपक्षी गणना करणारे हौशी निरीक्षक, कुणीही प्रस्ताव देऊ शकतं. सहसंयोजक म्हणून एखादं अनुभवी नाव सोबत असलं की पुरे.

आधी परिषद निवडा

पाणथळ विज्ञानाची सगळ्यात मोठी जागतिक परिषद 'इंटेकोल'च्या (परिसंस्था-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नावाने ओळखली जाते. तिची पहिली बैठक १९८० साली नवी दिल्लीत भरली होती, हे आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत असतं. साधारण चार वर्षांनी ती भरते. २०१६ ची चीनमधल्या चांगशूला होती, २०२१ ची न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चची. अमेरिकेत १९८० मध्येच स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ वेटलँड सायंटिस्ट्स'चं अधिवेशन दर वर्षी असतं. तळी आणि सरोवरं हा तुमचा विषय असेल तर जागतिक सरोवर परिषद आहे. ती १९८४ मध्ये जपानमध्ये सुरू झाली आणि २००७ साली जयपूरला आली होती. देशातल्या देशात सुरुवात करायची तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा सरोवर परिसंवाद चांगला. तिथे शाळकरी मुलंही आपला अभ्यास मांडतात, त्यामुळे नवख्या माणसाला दडपण येत नाही.

पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या सदस्य देशांची परिषद ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिथे सरकारांचे प्रतिनिधी ठराव करतात. संस्थांना बाजूचे कार्यक्रम घेता येतात, पण त्यांची रीत आणि मुदती निराळ्या. या लेखातलं सगळं वैज्ञानिक परिषदेपुरतं आहे.

दोन मुदती असतात, आणि पहिली बहुतेकांच्या नजरेतून निसटते

परिषदेची घोषणा झाली की आपण वाट बघतो ती गोषवारे मागवल्याची. पण गोषवारे मागवले जातात तेव्हा सत्रं ठरून गेलेली असतात. सत्रांचे प्रस्ताव त्याच्या काही महिने आधी, म्हणजे बहुधा परिषदेच्या आठ-दहा महिने ते वर्षभर आधी मागवतात. आयोजक संस्थेच्या पत्रकासाठी नाव नोंदवून ठेवा आणि पहिली सूचना आली त्याच दिवशी अर्जाचा नमुना उतरवून घ्या. त्यात शब्दमर्यादा, वक्त्यांची संख्या, सत्राची लांबी आणि वक्त्यांची संमती लागते का, एवढं आधी पाहा. बाकी सगळी आखणी या चार गोष्टींवरून ठरते.

सत्राचे प्रकारही तिथेच दिलेले असतात. काही सत्रं पूर्ण निमंत्रितांची असतात. सगळे वक्ते तुम्ही आणायचे. काही खुली असतात. तुम्ही विषय आणि गोषवारा द्यायचा, पुढे आलेल्या निबंधांतून निवड करायची. शिवाय गोलमेज चर्चा आणि कार्यशाळा असतात. पहिल्या खेपेला मी निमंत्रितांचंच सत्र सुचवीन. खुल्या सत्राला किती आणि कसे गोषवारे येतील, याचा अंदाज नवख्याला नसतो. ते कमी आले तर सत्र रद्द होतं किंवा दुसऱ्यात मिसळलं जातं.

विषय पुरेसा नाही, प्रश्न लागतो

प्रस्ताव तरतो की बुडतो, ते इथे. 'किनारी पाणथळ जागांचं संवर्धन' हा विषय झाला. त्यावर कुणीही काहीही बोलू शकतं, म्हणून समितीला त्यात काही हाती लागत नाही. प्रश्न असा हवा की त्यावर जाणकारांचं एकमत नाही आणि सत्रानंतर निदान थोडंतरी उलगडलेलं असेल.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. गोव्यातली खाजणं आणि कोकणातल्या खारजमिनी म्हणजे खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली भातशेती. बांधात पाणी आत-बाहेर करायला दारं असतात. गोव्यात त्याला मानस म्हणतात, रायगडात उघाडी. मानशीचं लाकडी दार भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. त्या वेळी दाराशी जाळं लावतात आणि त्या मासेमारीच्या हक्काचा दर वर्षी लिलाव होतो. म्हणजे एकाच बांधावर भात, मासे आणि गावाचा पैसा अवलंबून असतो. उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं. दोन-चार पावसाळे गेले की तिथे खारफुटी उभी राहते. खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात महाराष्ट्रातल्या खारफुटीच्या रक्षणाची जबाबदारी सरकारवर ठामपणे टाकली. मग शेतकऱ्याने बांध पुन्हा घालायचा तर कसा? आणि घालावा का? खारफुटी आली म्हणजे पाणथळ वाचली, की भातशेतीची पाणथळ गेली?

गुंता इथे संपत नाही. रामसरच्या वर्गीकरणात भातशेती ही मानवनिर्मित पाणथळ धरली जाते. २००८ साली कोरियातल्या चांगवॉनच्या परिषदेत भातखाचरांतल्या जैवविविधतेवर स्वतंत्र ठरावही झाला. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांत मात्र भातखाचरं व्याख्येतून वगळली आहेत. गोव्याच्या खाजणांचा वेगळा उल्लेख २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत सापडतो. एकाच चिखलाला तीन दस्तऐवज तीन नावं देतात. युरोपात तर समुद्राला जागा परत द्यायची म्हणून बांध मुद्दाम फोडतात. नेदरलँड्स-बेल्जियमच्या सीमेवरच्या हेडविगे पोल्डरचा (बांध घालून पाण्यापासून मिळवलेल्या जमिनीचा) बांध २०२२ मध्ये असाच उघडला गेला आणि त्याआधी तिथे वर्षानुवर्षं वाद चालला होता.

हे सगळं समोर मांडलं की सत्राचा प्रश्न आपोआप दिसायला लागतो: *बांध फुटल्यावर त्या जमिनीचं पुढे काय करायचं, हे कोणत्या पुराव्यावर आणि कुणाला विचारून ठरवायचं?* हा प्रश्न पेणच्या शेतकऱ्याचाही आहे आणि डच अभियंत्याचाही. समितीला हेच हवं असतं. तुमचं गाव त्यात पूर्ण ताकदीने असतं आणि दुसऱ्या खंडातल्या माणसालाही आत यायला दार असतं.

तुमचा प्रश्न खाजणांचा नसेल. लोणारच्या खाऱ्या पाण्याचा असेल, विदर्भातल्या मालगुजारी तलावांचा असेल. कसोटी तीच: प्रश्न एका वाक्यात मांडा, प्रश्नचिन्हासकट, आणि दोन जाणकारांना वाचायला द्या. दोघांची उत्तरं वेगळी आली तर सत्र होण्याजोगं आहे.

वक्ते जमवताना

एकाच प्रयोगशाळेतले किंवा एकाच संस्थेतले पाच वक्ते घेऊन आलेला प्रस्ताव समिती सहसा मागे सारते आणि तसं करणं मला योग्यच वाटतं. बांधाच्या प्रश्नाला किती बाजू आहेत ते मोजा. गाळ आणि त्यात साठणारा कार्बन पाहणारं कुणी, मत्स्यबीज पाहणारं कुणी, जमीनमालकी आणि कायदा जाणणारं कुणी. शिवाय दुसऱ्या किनाऱ्यावरचा अनुभव हवाच. केरळात पोक्कली शेतात पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी घेतात. पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊत खारफुटी हटवून, बांध घालून भात पिकवण्याची जुनी परंपरा आहे. यांच्याशी तुलना झाली की खाजण हे गोव्यापुरतं कौतुक उरत नाही.

आणि ज्याच्या शेतात पाणी शिरतं, तो माणूस सत्रात असायला हवा. यावर मी अडून बसेन. खाजणांची देखभाल गोव्यात कुळांच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्यांच्या, संघटना पाहतात. अशा संघटनेच्या पदाधिकाऱ्याला निवेदनाचा सहलेखक करा, शक्य असेल तर वक्ता करा. तो कोकणीत किंवा मराठीत बोलेल, शेजारी बसून कुणीतरी इंग्रजीत सांगेल. यासाठी त्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो, म्हणून वेळापत्रकात तो आधीच धरा. परदेशी जाणं जमणार नसेल तर दूरस्थ सहभागाची सोय आहे का, हे आयोजकांना अर्ज करण्यापूर्वी विचारा. त्याच्या बांधाचे फोटो, लिलावाचे आकडे पडद्यावर दाखवणार असाल तर त्याची परवानगी आधी घ्या. कुठे काय दाखवणार ते त्याला दाखवून घ्या.

वक्त्यांना पत्र पाठवताना सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. त्यांचं बोलणं या प्रश्नाला कुठे जोडलं जातं, ते प्रत्येकाला स्वतंत्र सांगा. साधारण असं:

> आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.
> पुढच्या वर्षीच्या पाणथळ परिषदेत बांध फुटलेल्या खाजणांबद्दल एक सत्र मांडण्याचा विचार आहे. अशा जमिनीचं पुढे काय करायचं, ते कोणत्या पुराव्यावर ठरवावं, हा सत्राचा प्रश्न आहे. खांड पडल्यानंतर पहिल्या काही वर्षांत गाळ कसा साचतो, यावर आपण केलेल्या कामाशिवाय ही चर्चा अपुरी राहील. बारा मिनिटांचं निवेदन आणि शेवटी अर्धा तास सगळ्यांची चर्चा, अशी आखणी आहे. बाकीचे वक्ते कायदा, मासेमारी आणि शेतकऱ्यांची बाजू मांडतील. यादी सोबत जोडली आहे. परिषदेची नोंदणी आणि प्रवासखर्च सत्रातर्फे देता येणार नाही, हे आधीच कळवतो. येत्या पंधरवड्यात आपला होकार किंवा नकार कळला तर बरं होईल.
> आपला नम्र,

खर्चाचं वाक्य पत्रात असलंच पाहिजे. निमंत्रित वक्त्यालाही नोंदणी शुल्क भरावं लागतं, अशीच बहुतेक परिषदांची रीत आहे आणि हे उशिरा कळलं की मंडळी ऐनवेळी मागे फिरतात. सगळ्यांचे होकार लेखी ठेवा. एक-दोन राखीव वक्ते मनात असू द्या.

प्रस्तावाचा मजकूर

अर्जातला गोषवारा बहुधा दोनशे-तीनशे शब्दांचा असतो. त्यात प्रश्न कुठून आला, आत्ताच का महत्त्वाचा आहे, कोणत्या बाजू मांडल्या जातील आणि सत्रातून काय हाती येईल, एवढं बसवायचं. पहिला खर्डा बहुतेकांचा असा असतो: "किनारी पाणथळ जागा परिसंस्था म्हणून अत्यंत महत्त्वाच्या आहेत. हवामान बदलामुळे त्यांना धोका निर्माण झाला आहे. या सत्रात विविध तज्ज्ञ आपले विचार मांडतील." यातलं कुठलंच वाक्य खोटं नाही, पण हाच मजकूर जगातल्या कुठल्याही किनाऱ्याला जसाच्या तसा लागू होतो. त्याऐवजी:

> बांध फुटल्यानंतर: भरतीच्या पट्ट्यातल्या भातशेतीचं पुढे काय?
> भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांध घालून भात पिकवण्याची पद्धत गोवा, कोकण, केरळ आणि गिनी-बिसाऊ अशा दूरदूरच्या किनाऱ्यांवर आढळते. बांध फुटून दुरुस्त झाले नाहीत की या जमिनींवर खारफुटी उगवते. भारतात या खारफुटीला कायद्याचं संरक्षण मिळतं आणि शेती परत आणण्याची वाट जवळजवळ बंद होते. युरोपात मात्र पाणथळ पुन्हा उभी करण्यासाठी बांध हेतुपुरस्सर उघडले जातात. अशा जमिनीचा निर्णय कोणत्या पुराव्यावर आणि कुणाच्या सहभागाने व्हावा, हे या सत्रात तपासलं जाईल. गाळ व कार्बन, मत्स्यबीज, जमीनमालकी व कायदा, आणि कुळांच्या संघटनेचा अनुभव अशी निवेदनं होतील. शेवटच्या अर्ध्या तासात बांध दुरुस्त करावा की खारफुटी राखावी, हे ठरवताना गावाला आणि प्रशासनाला वापरता येईल अशी प्रश्नावली सर्वांनी मिळून तयार करायची आहे.

शीर्षकात स्थळापेक्षा प्रश्न पुढे ठेवला आहे, तो मुद्दाम. 'गोव्यातील खाजण जमिनी' असं शीर्षक वाचून घानाचा किंवा व्हिएतनामचा अभ्यासक त्या खोलीत येणार नाही. 'सत्रातून काय हाती येईल' या रकान्यात 'जनजागृती' लिहू नका. प्रश्नावली, संयुक्त लेख, नियतकालिकाचा विशेषांक, एखाद्या धोरणावर पाठवायचं निवेदन, असं बोट दाखवता येईल असं काहीतरी लिहा.

परिषदेचे मुख्य विषय दिलेले असतात. त्यातला एकच निवडा आणि गोषवाऱ्यात त्याचा धागा दिसू द्या. इंग्रजी मजकूर या क्षेत्राबाहेरच्या एखाद्या इंग्रजी जाणकाराकडून वाचून घ्या. मानस, खाजण, उघाडी हे शब्द तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात समजावून सांगा.

वेळेचा हिशेब

नव्वद मिनिटांचं सत्र असेल तर वक्ते पाचच घ्या. बारा मिनिटांप्रमाणे साठ मिनिटं झाली, उरलेली तीस चर्चेला. दुभाषासह बोलणारं कुणी असेल तर वक्ते चारच. सहा-सात निवेदनं कोंबण्याचा मोह होतो, कारण प्रत्येकाला संधी द्यावीशी वाटते. पण मग चर्चेचा वेळ जातो आणि वेगवेगळ्या विषयांतली माणसं एकत्र बोलावून उपयोग काय झाला?

पाठवल्यानंतर

तीनपैकी एक उत्तर येतं. होकार आला तर वक्त्यांना लगेच कळवा आणि प्रत्येकाला स्वतःचा गोषवारा वेगळा भरावा लागतो का, ते तपासा. बहुधा लागतो, आणि तो राहून गेला तर कार्यक्रमपत्रिकेत नाव येत नाही. व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र मागवा. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तिथे शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका.

दुसऱ्या प्रस्तावात तुमचं सत्र मिसळायला सांगितलं, तर लगेच नाराज होऊ नका. समोरच्या संयोजकाशी बोला, तुमचा प्रश्न आणि तुमचे निदान दोन वक्ते टिकतात का ते बघा. टिकत असतील तर घ्या. मोठं सत्र म्हणजे मोठी खोली आणि जास्त श्रोते. प्रश्नच हरवत असेल तर नम्रपणे नकार देऊन तोच प्रस्ताव दुसऱ्या परिषदेकडे न्या.

नकार आला तर अभिप्राय मागा. सगळे देत नाहीत, पण विचारलं तर पुष्कळदा मिळतो. बहुधा कारण वक्त्यांच्या निवडीत किंवा प्रश्नाच्या धूसरपणात असतं आणि दोन्ही सुधारता येतं.

सत्राच्या दिवशी

सगळ्यांची सादरीकरणं आदल्या दिवशी खोलीतल्या संगणकावर चढवून, उघडून बघा. मराठी किंवा कोकणी अक्षरं असलेली पानं विशेष तपासा. फाँट नसला की नकाशावरची गावांची नावं चौकोन होऊन बसतात. वेळ संपत आल्याची पाटी दाखवायला एक माणूस पहिल्या रांगेत बसवा आणि पाटी दाखवली की थांबवायचंच, मग वक्ता कितीही ज्येष्ठ असो. चर्चेचा पहिला प्रश्न तुम्ही विचारू नका. कुळांच्या संघटनेच्या प्रतिनिधीला विचारू द्या, आणि प्रश्न कार्बनवाल्या वक्त्याला असू द्या. अशा वेळी खोलीतलं बोलणं जागं होतं, हे मी पाहिलं आहे. नोंदी घ्यायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. संयोजकाला ते एकट्याने जमत नाही.

परत आल्यावर

आठवड्याभरात नोंदी साफ करून सगळ्या वक्त्यांना पाठवा, नाहीतर पुढे कुणालाच काही आठवत नाही. विशेषांक काढायचा असेल तर नियतकालिकाच्या संपादकांना प्रस्ताव त्याच महिन्यात जाऊ द्या. आणि चर्चेत तयार झालेली प्रश्नावली मराठीत, कोकणीत करून ज्या गावांबद्दल बोललात तिथे घेऊन जा. बांधाची डागडुजी पावसाळ्याआधी होते, त्यामुळे ग्रामसभेत किंवा संघटनेच्या बैठकीत ती उन्हाळ्यातच वाचली गेली पाहिजे. खांड बुजवायची की सोडून द्यायची, याचा ठराव तेव्हा होतो.